घरची परिस्थिती लिहावी की लपवावी?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई-बाबा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. तेवढे महिने मी आजीजवळ राहून शिकले. मला समुपदेशक व्हायचे आहे. एम.ए.च्या प्रवेश अर्जातील आत्मनिवेदनात घरचे काही लिहू नकोस, समुपदेशकाने तटस्थ दिसावे, असे एक नातेवाईक सांगतात. मी काय करावे?

उत्तर : सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी मला तो पटत नाही. प्रत्येक समुपदेशक कुठल्या तरी घरातून, जातीतून आणि बोलीतून आलेला असतो. शहरातील सुस्थित घरातून आलेल्याला त्याबद्दल कुणी विचारत नाही, एवढेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग किंवा अपंगत्वावरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा हक्क आहे. पण दवाखान्याचे दार उघडे असणे वेगळे आणि आपले म्हणणे समोरच्याला कळते आहे असे वाटणे वेगळे. उसाच्या फडावरून आलेली बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत नाही. ‘डोकं जड पडतंय, हातापायात जीव नाही’ असे सांगते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसताना तिला ‘थोडे दिवस विश्रांती घ्या’ म्हणणे किती निरुपयोगी आहे, हे तुला कुणी शिकवावे लागणार नाही.

मात्र हीच जाण आडही येऊ शकते. उद्या एखादी मुलगी ‘आई-बाबा तोडीला जायचे’ म्हणाली, की तुला आजीजवळ काढलेले महिने आठवतील. ती कदाचित कारखान्यावर, तोडकऱ्यांच्या झोपडीत, कोपीतच आई-बाबांसोबत वाढलेली असेल. तिला शाळा बुडाल्याचे दुःख असेल, एकटेपणाचे नसेलही. तिचे वाक्य तूच पूर्ण केलेस तर ती पुढे बोलणार नाही. म्हणून एम.ए. निवडताना नावापेक्षा हे पाहा, की प्रत्यक्ष समुपदेशनाचा सराव किती आहे आणि त्यावर अनुभवी व्यक्तीचे सुपरव्हिजन नियमित मिळते का. तृतीयपंथी किंवा अंध व्यक्ती समोर आली तर तुझा अनुभव अपुरा पडेल, आणि तिथे अभ्यासच लागेल. इंग्रजीची भीती बाळगू नकोस; वाचनापुरती इंग्रजी कमवावी लागेल, पण ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, तेव्हा मराठीत नीट ऐकू शकणारी माणसे हवीच आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असेल तर मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, हे आधीच ध्यानात ठेव.

आत्मनिवेदनात हालअपेष्टांची यादी नको. एकच प्रसंग घे. त्यातून तुला माणसांविषयी काय कळले आणि काय अजून कळलेले नाही, ते लिही. आणि अर्ज पाठवण्यापूर्वी तो आई-बाबांना वाचून दाखव; उचलीचा आकडा किंवा आईचे आजारपण परक्या माणसांनी वाचलेले त्यांना चालणार नसेल, तर तेवढा भाग काढून टाक.