‘टर्मिनेटर’ चित्रपटात जॉनचा बाप भविष्यातून येतो, मग जॉन जन्मलाच कसा?

सुरुवात कुठेच नाही, गंमत तीच आहे. १९८४च्या पहिल्या भागात भविष्यातला जॉन आपली आई सारा हिला वाचवायला काइल रीस या सैनिकाला भूतकाळात पाठवतो आणि तो काइलच जॉनचा बाप ठरतो. अशा कारण-परिणामाच्या सुरुवात नसलेल्या चक्राला बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात. शेवटी पेट्रोल पंपावर एक पोरगा साराचा पोलरॉइड फोटो काढतो ना? तोच फोटो पाहून काइल तिच्या प्रेमात पडलेला असतो! म्हणजे सगळं आधीच ठरलेलं.

१९९१च्या दुसऱ्या भागात मात्र सारा लाकडी टेबलावर सुरीने ‘नो फेट’ (म्हणजे नियती वगैरे काही नाही) कोरते. इथे भविष्य बदलता येतं. २००३च्या तिसऱ्या भागात कळतं, यंत्रांच्या हातून होणारा माणसांचा संहार नुसता पुढे ढकलला गेला होता. केलं-सवरलं सगळं पाण्यात! माझ्या मते तर्काला धरून आहे तो पहिलाच भाग.