फ्लॅटमध्ये ट्यूब ॲम्प हळू वाजवायचा, तरी टोन कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा ट्यूब ॲम्प सेकंडहँड घेतलाय, व्हॉल्यूम 2 वर तो पातळ आणि कर्कश वाटतो, 5 वर नेला की सुंदर गातो, पण तोवर शेजारी दार वाजवतात. हाच ॲम्प मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कितीतरी वर्षं वाजवतोय, त्यामुळे तुमची तगमग मला नेमकी कळते.

आधी बिनपैशाचा उपाय सांगतो. तुम्ही बहुतेक व्हायब्रॅटो चॅनलमध्ये वाजवताय, कारण रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, तिथेच आहे. त्या चॅनलच्या व्हॉल्यूम नॉबवर 47 पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर असतो. नॉब खाली असताना बाकीचा आवाज अडतो, पण वरचे सूर या कपॅसिटरमधून निसटून पुढे जातात. 2 वर कानाला टोचतं ते याच्यामुळे. नॉब वर नेला की त्याचा जोर ओसरतो आणि आवाज भरल्यासारखा वाटतो. नॉर्मल चॅनलला हा कपॅसिटर नाहीच. तेव्हा केबल नॉर्मल चॅनलच्या 2 नंबरच्या इनपुटला लावा. तिथे सिग्नल 6 डेसिबलने कमी होऊन आत जातो, म्हणजे नॉब फिरवायला थोडी जागा मिळते. रिव्हर्ब मात्र जाईल. त्यासाठी एखादं रिव्हर्बचं पेडल घ्या. मला हा सौदा परवडला.

आता वॉटचा हिशोब, कारण बरेच जण इथे फसतात. गिटारच्या स्पीकरला 1 वॉट दिला तर एक मीटरवर साधारण 98 ते 100 डेसिबल आवाज निघतो. घरात तुम्हाला हवाय 70च्या आसपास, आणि त्याला पुरतो एक मिलिवॉट! वॉटचा हजारावा भाग. म्हणून तुमचा 22 वॉटचा ॲम्प विकून 5 वॉटचा आणला तर फरक पडतो जेमतेम साडेसहा डेसिबलचा. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायलासुद्धा सुमारे 10 डेसिबल कमी करावे लागतात. आपल्याकडच्या नियमात रहिवासी परिसरातल्या आवाजाला दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे, त्यावरून अंदाज घ्या. कृपा करून ॲम्प विकू नका.

मग लोक ॲटेन्युएटरकडे वळतात. ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसणारा हा डबा ॲम्पची बरीचशी ताकद उष्णतेत जिरवतो. कल्पना जुनी आहे. बोस्टन बँडचे टॉम शोल्झ मुळात इंजिनिअर, त्यांनी 1980च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाने असा डबा बाजारात आणला होता. घ्यायचा असेल तर रिॲक्टिव्ह प्रकारचा, म्हणजे खऱ्या स्पीकरसारखा वागणारा, घ्या. स्पीकरचा अवरोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, खालच्या एका सुराशी तो उसळतो आणि वर पुन्हा चढत जातो. नुसत्या रेझिस्टरच्या डब्यात हे चढउतार सपाट होतात आणि बोटांखाली ॲम्प मेल्यासारखा लागतो. पण रिॲक्टिव्ह डब्यानेही चमत्कार होत नाही. माझ्या कानाला 10-12 डेसिबल कमी करेपर्यंत तो छान वाटतो. त्याहून खाली नेला की आवाज आक्रसतो, कारण स्पीकरचा कागद फारसा हलतच नाही. शिवाय ॲम्पच्या 6व्ही6 नावाच्या पॉवर ट्यूब पूर्ण जोरातच राबत असतात, त्या लवकर झिजतात.

डबा जोडताना एक काळजी घ्या. डब्याचे आणि ॲम्पचे ओहम (अवरोधाचं माप) जुळायला हवेत, तुमच्या ॲम्पला 8. आणि मध्ये स्पीकरचीच केबल लावा, गिटारची नाही. मी एकदा घाईत गिटारची केबल लावली होती, ती आतून तुटलेली निघाली. स्पीकरमधून आवाज येईना, आणि लोडशिवाय, म्हणजे पुढे काहीच जोडलेलं नसल्यासारखा, ॲम्प पाचेक मिनिटं पूर्ण जोरात चालू राहिला. मग करपल्याचा वास आला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला होता. तो ॲम्प दुरुस्त झाला, पण पूर्वीसारखा कधीच वाजला नाही.

उरलेला भाग आपल्या कानाचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933मध्येच दाखवून दिलं की आवाज लहान झाला की कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि अगदी वरचेही थोडे. म्हणजे 2 वर बेस ‘गेला’ असं वाटतं तेव्हा तो ॲम्पमधून गेलेलाच नसतो. बेसचा नॉब 6-7 वर न्या. पण हाच बेस स्लॅबमधून खाली उतरतो. आमच्या खालच्या काकू एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, “गाण्याचं काही नाही रे, पण आमच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरतात.” मी खाली जाऊन ऐकलं. जाड ई तारेवर ठोका पडला की स्टीलच्या दोन वाट्या खरंच एकमेकींवर किणकिणत होत्या! तेव्हापासून ॲम्प जमिनीवर ठेवत नाही. लाकडी खुर्ची, तिच्यावर चार पदरी घडी घातलेली जुनी गोधडी, तिच्यावर ॲम्प. मी एक मीटरवर, स्पीकर कानाच्या उंचीला. वरचे सूर सरळ रेषेत सुटतात. ॲम्प जमिनीवर असला की ते पोटऱ्यांवर आदळतात आणि आपण उगाच ट्रेबल वाढवत बसतो. जवळ बसल्याने व्हॉल्यूमही कमी लागतो. वाट्या थांबल्या.

डिस्टॉर्शन, म्हणजे फाटल्यासारखा आवाज, हवं असेल तर ते पेडलमधून घ्या, यात कमीपणा मानू नका. या ॲम्पला मिडलचा नॉबच नाही आणि त्याचा मधला पट्टा मुळातच खोल आहे. ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल नेमका तो पट्टा उचलतं, जास्तीचा बेसही कापतं. ड्राइव्ह कमी, लेव्हल वर, टोन मध्यावर. पॉवर ट्यूबची ती दमछाक यात मिळणार नाही, पण बोटांना उत्तर देणारा आवाज नक्की मिळतो.

आणि हो, तुमचा ॲम्प अमेरिकेतून आलेला असेल तर मागे 120 व्होल्ट लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावू नका. त्यानंतर नॉर्मल चॅनल, 2 नंबरचं इनपुट, बेस 6, ट्रेबल 4, व्हॉल्यूम 3 असं लावून बघा आणि काय वाटलं ते इथे कळवा. गिटारला हंबकर (दोन कॉइलचं पिकअप) असेल तर बेस 5 वरून सुरुवात करा.