चाकणजवळ अडीच एकरात स्किड पॅन: तेल विसरा, आधी पळवाट मोजा

प्रश्न असा आहे: चाकणच्या बाजूला अडीच एकर सपाट जागा आहे, ड्रायव्हिंग स्कूल आधीपासून चालू आहे. गुळगुळीत काँक्रीट करून त्यावर जुने इंजिन ऑइल आणि पाणी टाकले तर स्किड पॅन (घसरत्या गाडीचा सराव करायची मुद्दाम निसरडी केलेली जागा) होईल का, आणि तो किती मोठा असावा?

तेलाचा विचार सोडून द्या. वापरलेले इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, ते उघड्यावर ओतणे म्हणजे प्रदूषण मंडळाला आमंत्रण. ते बाजूला ठेवले तरी तेल शिकवण्याच्या कामाचे नाही. थर एकसारखा राहत नाही. एका पट्ट्यात गाडी बर्फावर असल्यासारखी जाते, दोन मीटर पुढे टायर पकडतो, आणि शिकणाऱ्याला आपले काय चुकले ते कळतच नाही. शिवाय टायरला लागलेले तेल गेटबाहेरच्या रस्त्यावर जाते. साबणाचे पाणीही तसेच: फेस होतो, वाहून जातो, दर तासाला पकड बदलते. गुळगुळीत लेपावर साधे पाणी, एवढेच पुरते.

आता आकार. हिशोब वेगापासून सुरू करा, जागेपासून नाही. ताशी ४० किमीला कोरड्या डांबरावर (घर्षण, म्हणजे टायरच्या पकडीचा गुणांक, ०.७ धरून) गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ०.२ घर्षणाच्या पॅनवर तेच अंतर ३१ ते ३२ मीटर होते. ५० च्या वेगाला ते ४९ मीटर. ब्रेक लागेपर्यंत गाडी जे अंतर कापते तेही यात मिळवा. म्हणजे ओला पट्टा ६० मीटर लांबीचा असेल तर ४० ही तुमची कमाल मर्यादा, ५० नाही. त्याआधी वेग धरायला ६० मीटर, पुढे सुटलेली गाडी थांबायला ३० मीटर. रुंदी २५ मीटर आणि दोन्ही बाजूंना २० मीटर मोकळी जागा, हीच पळवाट. एकूण १५० गुणिले ६५ मीटर, म्हणजे जवळपास २.४ एकर. तुमची जागा बरोबर पुरते, पण ऑफिस, पार्किंग आणि टाकीला कोपराच उरतो, हे आधी कागदावर काढून बघा.

बाजूची २० मीटर जागा वाचवायचा मोह होईल. तिथेच सगळ्यात मोठा धोका आहे. आडवी घसरत आलेली गाडी एकदम कोरड्या डांबरावर गेली की टायर तिथेच पकडतात, वरचा भाग पुढे जात राहतो आणि गाडी उलटू शकते. उंच एसयूव्ही आणि व्हॅनमध्ये हे लवकर होते. गाडी अडवणारे खडीचे पट्टेही नकोत, चाक त्यात रुतते आणि परिणाम तोच. लेपाच्या कडेला आधी पाच-सात मीटर साधे काँक्रीट ठेवा, तेही ओले, आणि पुढे सपाट कापलेले गवत. मध्ये कर्ब, उघडे गटार, विजेचा खांब, झाड, यातले काहीही नको. खुणेचे कोन (शंकू) प्लॅस्टिकचेच ठेवा. दुचाकी या पॅनवर अजिबात आणू नका, तो वेगळा विषय आहे.

पाया. त्या भागात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा स्लॅब भेगाळतो. काळी माती काढून मुरूम भरा, थराथराने रोलर फिरवा, वर खडीचा थर, प्लॅस्टिकचा कागद आणि मग काँक्रीट. एम४० दर्जाचे, ट्रिमिक्स केलेले (जादा पाणी व्हॅक्यूमने शोषून घोटलेले) चांगले. गोदामांची फ्लोअरिंग करणारे ठेकेदार तुमच्याकडे मुबलक आहेत, पण एक गोष्ट त्यांना लेखी द्या: ते सवयीने लेव्हल काढतात, तुम्हाला उतार हवा आहे. रुंदीच्या दिशेने १ टक्का, म्हणजे २५ मीटरला २५ सेंमी. यापेक्षा जास्त दिला तर गाडी आपोआप खालच्या बाजूला सरकते आणि शिक्षक विद्यार्थ्याला बोलत बसतो. तीन मीटरची पट्टी फिरवून खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे डबके साचणार.

नुसते घोटलेले ओले काँक्रीट पुरेसे निसरडे नसते. वर इपॉक्सी किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप लागतो. काँक्रीट २८ दिवसांचे झाल्याशिवाय आणि खालचा ओलावा तपासल्याशिवाय लेप लावू दिलात तर वर्षभरात फोड येतील. लेप उन्हात पिवळा पडणारा नसावा आणि त्यात अँटी-स्किड वाळू टाकू देऊ नका. हे हास्यास्पद वाटेल, पण ठेकेदार चांगल्या मनाने टाकतात.

पाण्याचा हिशोब लोक सर्रास चुकवतात. ६० मीटरच्या वरच्या कडेवरून १ टक्का उतारावर १ मिमीचा थर वाहता ठेवायला मिनिटाला साधारण १२० लिटर लागतात. तो थर २ मिमी करायचा तर दुप्पट नव्हे, आठपट पाणी लागते, कारण पातळ थरात वाहणारे पाणी जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीड मिमी धरा: मिनिटाला ४०० लिटर. स्प्रिंकलर नको, वाऱ्याने पाणी एका बाजूला जाते. वरच्या कडेला पीव्हीसी पाइप, त्याला ३ मिमीची भोके, खालच्या कडेला जाळी लावलेला पन्हळ, तिथून पाणी टाकीत आणि परत वर. मध्ये ठिबकचा डिस्क फिल्टर लावाच. टायरचा रबर, धूळ आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार मिळून महिन्याभरात भोके बुजतात. मग पॅनवर कोरडे पट्टे उमटतात, आणि कोरडा पट्टा म्हणजे वर सांगितलेली उलटण्याची जागाच. पाइपच्या टोकाला फ्लशिंगचा व्हॉल्व्ह ठेवा, दर आठवड्याला उघडा.

मे महिन्यात १५०० चौरस मीटर दिवसभर ओले ठेवले तर १२ ते १५ हजार लिटर नुसते उडून जाईल. दिवसाला टँकर दीड टँकर. म्हणून उन्हाळ्यातल्या बॅच सकाळी दहाच्या आत संपवा. पुण्याच्या सुमारे ७०० मिमी पावसात या स्लॅबवरच साडेदहा लाख लिटर पडते. कोपऱ्यात अस्तर लावलेले लहान शेततळे करता आले तर त्यातले थोडे तरी हाती राहील.

घर्षण मोजायला महागडे यंत्र लागत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद केलेली गाडी ३० च्या वेगाने आणून चाके जाम करा आणि थांबण्याचे अंतर टेपने मोजा. ९०० ला (२५४ गुणिले अंतर) ने भागा. १८ मीटर आले तर घर्षण ०.२. रोज सकाळी पहिल्या बॅचआधी हे करून वहीत लिहा. अंतर १८ वरून १३-१४ वर आले की लेप झिजला किंवा पाणी कमी पडले. २२-२३ वर गेले की वर चिखल-शेवाळ साचले आहे, ब्रशने घासा.

शिकवायचे काय, यावर मत देतो. गाडी घसरली की उलट स्टिअरिंग मारून ती सावरायची, हे शिकवणारा पॅन लोकप्रिय होतो, पण उपयोगी असेलच असे नाही. नॉर्वेने १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले होते, आणि नंतरच्या अभ्यासात तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी नव्हे, वाढलेले दिसले. आत्मविश्वास कौशल्यापेक्षा पुढे गेला. स्वीडनने १९९९ मध्ये याच कारणासाठी अभ्यासक्रमाचा रोख चालकाला स्वतःच्या मर्यादा दाखवण्याकडे वळवला. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात. त्यात शेपटी सुटण्याआधी नाक सरळ जाते, स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचे आहे, तरी पेडल पायाखाली थरथरले की कित्येक जण पाय उचलतात. त्यांना पाय दाबून धरायला शिकवणे यातच अर्धा कोर्स जातो. पहिली फेरी २० ला, मग ३०, मग ४०. प्रत्येक वेळी थांबण्याची जागा विद्यार्थ्यालाच आधी कोन ठेवून सांगायला लावा. ४० ला कोन पंधरा मीटर मागे राहतो, आणि विद्यार्थी मागे वळून बघतो ते खरे शिक्षण. एका गाडीत तीन विद्यार्थी, तीन तास, त्यापेक्षा जास्त नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा विचार असेल तर हलक्या वाहनांसाठी एक एकर, जड वाहनांसाठी दोन एकर, शिवाय सिम्युलेटर आणि वर्गखोल्या लागतात. पॅनने २.४ एकर घेतल्यावर उरलेल्या जागेत ते बसत नाही. जागा बिगरशेती झाली आहे का ते काँक्रीटच्या आधी बघा. आणि गाडीची विमा पॉलिसी काढून वापराच्या मर्यादांचा भाग वाचा. स्पर्धा आणि वेगचाचणी तिथे सहसा वगळलेली असते, त्यामुळे स्किड प्रशिक्षण तुमच्या कंपनीकडून लेखी मान्य करून घ्या, आणि त्रयस्थ व्यक्तींच्या दुखापतीसाठी वेगळी पॉलिसी जागेच्या नावाने काढा.