ऊन ऊन भात आणि दिव्याचं 'ऊन'

दादरच्या एका वाचकाचा प्रश्न: "ग्रो लाइटला मराठीत 'कृत्रिम ऊन' म्हटलेलं चालेल का? आमचा नर्सरीवाला तसंच म्हणतो."

नाही चालणार. ग्रो लाइट म्हणजे घरात ऊन नसलं तरी रोपं वाढावीत म्हणून लावतात तो दिवा. समोर पुनर्विकासाचा टॉवर उठला, खिडकीतला कवडसा गेला, की मुंबईकर मनीप्लँटच्या डोक्यावर एलईडी टांगतो आणि पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडे बारा तास ऊन असतं." अहो, उजेड असतो!

प्रकाश, उजेड हे सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. मजा 'ऊन'मध्ये आहे. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन'. म्हणजे मुळात ही उष्णता. उजेड तिच्याबरोबर आला एवढंच. म्हणून तर भातही 'ऊन ऊन' असतो आणि आजी न्हाणीघरातून "पाणी ऊन झालं का गं?" असं विचारायची. तिला बंबात सूर्य नको होता. शब्दाच्या शेवटी हरवलेला 'ह' विभक्ती लागली की परत हजर होतो: उन्हात, उन्हाने. 'उन्हाळा' म्हणजे 'उष्णकाल', जसा हिमकालाचा 'हिवाळा'. कोकणीत तर हा 'ह' उडी मारून पुढे आला आणि गरम ते 'हून' झालं.

आता माझा लाडका पुरावा. पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. तिन्ही ठिकाणी काय आहे? गरम पाण्याचे झरे! मुंबईतल्या निम्म्या चाकरमान्यांच्या एसट्या या गावांच्या आसपासून जातात, पण पाटी वाचून कुणाच्या डोक्यात दिवा पेटत नाही. माझं तर मत आहे की 'ऊन'चा गरम हा अर्थ कोशांपेक्षा कोकणातल्या चुलींनी आणि कुंडांनी जास्त सांभाळला.

एका व्याख्यानात मात्र एका विद्वानांनी सांगितलं, की दुपारी सावली उणी होते म्हणून 'ऊन'. टाळ्याही पडल्या. 'उणे'तला 'ऊन' म्हणजे कमी. एकोणिसात, एकोणतिसात बसलाय तो. त्याचा आणि सूर्याचा काडीचा संबंध नाही. विद्वानांना 'उन्हात'मधला 'ह' कुठून आला हे विचारलं, तर म्हणाले, "उच्चारसौकर्य." जास्तीचा 'ह' घातल्याने उच्चार सोपा कसा होतो, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

हां, दिवा. पानातलं हरितद्रव्य मुख्यतः तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं, म्हणून ते दिवे पूर्वी जांभळे दिसत. आता पांढरेही मिळतात. एलईडीच्या झोतात उष्णता जवळजवळ नसते, जी होते ती दिव्याच्या पाठीमागून निघून जाते. खाली हात धरून पाहा. म्हणूनच तो रोपाच्या वीतभर अंतरावर टांगता येतो. हरितगृहांतले जुने सोडियमचे दिवे चांगलेच तापत. त्यांना कुणी 'ऊन' म्हटलं असतं तर मी एक वेळ गप्प बसलो असतो. आणि रात्री ग्रो लाइट बंद करा, झाडांनाही अंधार लागतो.

मग म्हणायचं काय? 'वाढदिवा' सुचवणाऱ्यांनी केक कापावा. मी 'रोपदिवा' म्हणतो. दुकानात मात्र ग्रो लाइटच मागा, नाहीतर समई दाखवतील.