गोळ्या चालू आहेत, मग पोरगं उठत का नाही?

स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाचे आईवडील तिसऱ्या-चौथ्या भेटीला आले की एक तक्रार हमखास करतात. आवाज ऐकू येणं थांबलं, रात्री उठून भिंतीशी भांडणं थांबलं, अंगावर धावून येणंही थांबलं. पण पोरगं दिवसभर नुसतं पडून असतं. अंघोळीला चारदा सांगावं लागतं. पाहुणा आला की ते आतल्या खोलीत. "मॅडम, गोळ्यानं सुस्ती आलीय का हा आळशीच झालाय?" आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, "लगीन लावून दिलं तर वळणावर येईल का?" मराठवाड्यात काम करताना हे दोन्ही प्रश्न मी सतत ऐकते. त्यांचं उत्तर एका घराच्या अनुभवातून सांगते. घराची ओळख पटू नये म्हणून नाव, नाती आणि बरेच तपशील बदलले आहेत.

मुलाला बालाजी म्हणू. परभणी जिल्ह्यातलं गाव, थोडी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर, दारात दोन म्हशी. आयटीआय करून तो वाळूजला कंपनीत लागला होता. विशीच्या सुरुवातीला, म्हणजे मुलांमध्ये हा आजार बहुतेकदा डोकं वर काढतो त्याच वयात, खोलीवरची पोरं आपल्या जेवणात काहीतरी घालतात असं त्याला वाटायला लागलं. मग आवाज सुरू झाले. घरी आणल्यावर देवऋषी झाला, अंगारे झाले, एका दर्ग्यावर अमावास्या केल्या. यावरून मी कुणाच्या आईबापाला बोलत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. गावातल्या माणसाला जे जवळ दिसतं तिथं तो आधी जातो. शेवटी मामानं त्याला जिल्हा रुग्णालयात दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत आवाज बरेच ओसरले.

त्यानंतर वडील माझ्याकडे आले ते चिडूनच. "ह्याच्या वयात म्या दिवसभर औत हाणत होतो. हा आयतं बसून खायलाय. लोकं इचारायलेत, तुमचं पोरगं घरीच का असतंय म्हणून." बालाजी शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. आई त्याच्या शर्टाची बाही नीट करत होती. बोलता बोलता कळलं की आई अजून त्याला हातानं घास भरवते, रात्री त्याच्याच खोलीत झोपते आणि तो शौचाला गेला तरी बाहेर उभी राहते.

मी वडिलांना समजावलं की या आजाराचे दोन भाग असतात. भास, संशय, असंबद्ध बोलणं हा दिसणारा भाग. दुसरा भाग शांत असतो: उठावंसं न वाटणं, कशात रस न उरणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं. सोबत लक्ष लागणं आणि कामाचा क्रम ध्यानात राहणंही मंदावतं. गोळ्या पहिल्या भागावर चांगलं काम करतात, दुसऱ्यावर फार कमी. कधी गोळीची सुस्तीही त्यात मिसळते, तेव्हा डॉक्टर मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. पण घरचे ज्याला आळस म्हणतात तो बहुतेक वेळा आजारच असतो. माणूस रागवल्यानं त्यातून उठत नाही आणि लग्नानंही उठत नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे खुरकुतीतून उठलेल्या बैलाला लगेच औताला जुंपायचं न्हाई." मी म्हटलं, "काका, तेवढंच. आणि जुंपायचंच नाही असंही नाही. आधी दावणीपासून पाण्यापर्यंत चालवायचं."

हे चालवणं म्हणजेच मनोसामाजिक उपचार. अमेरिकेत या आजारावरच्या उपचारांच्या पुराव्यांची छाननी करून 2009 साली ज्या शिफारशी झाल्या, त्यात गोळ्यांच्या जोडीला असे आठ उपाय होते. कुटुंबासोबतचं काम, नोकरीत टिकायला आधार, रोजच्या व्यवहाराची कौशल्यं शिकवणं, भास आणि संशयाला तोंड द्यायला शिकवणारी बोलण्याची थेरपी हे त्यातले मुख्य. वाढणाऱ्या वजनाचा आणि व्यसनाचा विचारही त्यात आहे. 'जोडीला' हे मी प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा सांगते. गोळ्या बंद करून नुसतं समुपदेशन असं या आजारात करायचं नसतं.

बालाजीच्या घरी सुरुवात आईवडिलांपासून झाली. कारण सांगते. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या संशोधकाच्या ध्यानात आलं की रुग्णालयातून बरे होऊन घरी गेलेल्यांपैकी काहींचा आजार पुन्हा लवकर उलटतो आणि त्याचा संबंध घरातल्या वातावरणाशी आहे. पुढच्या अभ्यासांत तीन गोष्टी ठळक झाल्या: सततची टीका, तिरस्कार आणि जिवापाड गुंतून राहणं. पहिल्या दोन गोष्टी लोकांना पटतात, तिसरी आईला पटत नाही. "माया केली तर वाईट काय?" असं बालाजीच्या आईनंही विचारलं. मायेत वाईट काहीच नाही. पण चोवीस तास कुणाची तरी नजर अंगावर असली आणि स्वतःचा घासही स्वतः घ्यायचा नसला, तर त्या मुलाला उठायचं कारणच उरत नाही. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी: घरच्यांमुळे स्किझोफ्रेनिया होत नाही. त्या आईनं काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. चंदीगडमध्ये झालेल्या अभ्यासात भारतीय घरांमध्ये ही टीका आणि गुंतणं लंडनच्या घरांपेक्षा कमी आढळलं होतं. म्हणजे आपल्याकडे पाया चांगला आहे, रोजचं बोलणं तेवढं बदलायचं असतं.

ते बदलायला वेळ लागतो. आम्ही अक्षरशः वाक्यं घोकली. वडिलांचं वाक्य होतं, "दिवसभर लोळतोस, जरा घरात ध्यान दे." यातलं नेमकं काय करायचं हे बालाजीला कळतच नव्हतं. ते बदलून झालं, "बालाजी, पाच वाजता म्हशींना कुट्टी टाकशील का? मला बरं वाटंल." एकच काम, एकच वेळ, आणि झाल्यावर दोन शब्द. वडिलांना हे म्हणताना लाज वाटायची. "बापानं पोराला असं इचारायचं असतंय व्हय?" पहिल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की त्याला म्हटलं, पण तोंड वळवून म्हटलं. तेवढंही पुरलं. बालाजी कुट्टी टाकायला लागला, काही दिवस चुकले, बरेच दिवस झालं. आईनं ताट वाढून समोर ठेवायचं आणि स्वतः चुलीजवळ जाऊन बसायचं असं ठरलं. तिच्यासाठी ते वडिलांच्या वाक्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. पहिल्या दिवशी ताट तसंच राहिलं आणि तीही जेवली नाही.

घरच्यांसोबतचं हे काम किमान सहा ते नऊ महिने चालावं लागतं. एका भेटीत समजावून सांगितलं आणि झालं, असं होत नाही. आपल्या भागात दर पंधरा दिवसांनी शहरात येणं म्हणजे एका माणसाचा रोज बुडणं आणि वर गाडीभाडं. म्हणून काही भेटी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, काही फोनवर झाल्या. असं काम गावपातळीवर जमतं का याचा एक मोठा अभ्यास आपल्याकडे झाला आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी 282 रुग्णांवर तो झाला आणि 2014 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात होते. वर्षभरानंतर, फक्त दवाखान्यात उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांची लक्षणं आणि रोजच्या कामातली अडचण काहीशी कमी झालेली होती. फरक मोठा नव्हता, पण तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो जास्त दिसला. माझ्या मते गावातली आशाताई यात फार कामाची ठरू शकते, कारण कुठल्या घरात कोण दार लावून बसलंय हे तिला आपल्या आधी कळतं.

कुट्टीनंतर दुधाची गोष्ट निघाली. घरचं दूध गावातल्या संकलन केंद्रावर जायचं. आधी बालाजीनं फक्त किटली नेऊन द्यायची, परत यायचं. महिन्याभरानं केंद्र चालवणारा, जो त्याच्या वडिलांच्या ओळखीचा होता, त्याला माप घ्यायला मदतीला बोलावू लागला. अनेक घरं म्हणतात, "आधी पुरता बरा होऊ द्या, मग काम बघू." अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात. माणसाला त्याच्या आवडीच्या खऱ्या कामात आधी उतरवावं आणि आधार तिथंच द्यावा. सकाळच्या दुधाला त्याला जाग यायची नाही, म्हणून संध्याकाळची पाळी घेतली. डॉक्टरांशी बोलून रात्रीची गोळी जरा लवकर घ्यायची ठरली, त्यानं सकाळची गुंगीही उतरली.

केंद्रावर गर्दीची वेळ तासाभराची. किटल्यांचा खणखणाट, लोकांची घाई, फॅटवरून वाद. त्या गोंगाटात त्याला पुन्हा पुसट आवाज यायचा, "हे तुझ्यावरच हसायलेत." आवाज खरा की खोटा यावर मी त्याच्याशी वाद घातला नाही. तो केव्हा येतो, काय केल्यावर कमी होतो, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. एकदा त्यानंच सांगितलं, "मॅडम, आकडा मोठ्यानं वाचला की त्यो दबतो." मग तीच पद्धत ठरली. यंत्रावर फॅट दिसली की त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "सहा दोन, साडेतीन लिटर," आणि वहीत लिहायचं. गिऱ्हाइकांनाही ते आवडलं, आकडा उघड बोलला जात होता. त्याला महिन्याला मिळणारे पैसे फार नव्हते. पहिल्या पगारातून त्यानं आईला चप्पल आणली, तेव्हा वडील फोनवर नीट बोलू शकले नाहीत.

सगळं चढतं गेलं असं मात्र नाही. सोयाबीनच्या मळणीच्या घाईत गोळ्या संपल्या आणि आणायला कुणाला सवड झाली नाही. पण एक तयारी झालेली होती. मागच्या वेळी आजार उलटताना सगळ्यात आधी काय दिसलं होतं, हे आम्ही घरच्यांकडून लिहून घेतलं होतं. बालाजीच्या बाबतीत ते होतं मोबाइल रुमालात गुंडाळून ठेवणं, मग झोप कमी होणं, मग पोळी हुंगून खाणं. प्रत्येक रुग्णाच्या खुणा वेगळ्या असतात, आणि त्या त्याच माणसात बहुतेक तशाच परत येतात. आईनं रुमालात गुंडाळलेला मोबाइल पाहिला आणि मळणी सोडून दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन आली. भरती करावं लागलं नाही. त्या दिवशी जिल्ह्याला येणं शक्यच नसेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आता लग्नाचं. बालाजीच्या मावशीनं एक स्थळ आणलंच होतं, आणि "पोरीकडच्यांना सांगायची काय गरज" असंही सुचवलं. मी वडिलांना सरळ सांगितलं की आजार लपवून केलेलं लग्न पुढं कोर्टात रद्द होऊ शकतं, आणि लपवायचं म्हणून गोळ्या चोरून घ्यायला लागल्या की त्या बंद पडतातच. एका मुलीच्या आयुष्याचाही प्रश्न असतो, ते आपण औषधासारखं वापरू नये. या आजाराची माणसं लग्न करतात, संसारही करतात. पण ते बरं करण्याचं साधन म्हणून नाही, आणि समोरच्याला सगळं ठाऊक असताना. स्थळ परत गेलं. मावशी अजून रुसलेली आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राला वडिलांचा विरोध होता, "शिक्का बसंल" म्हणून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही आहे आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सवलतींचा हक्क मिळतो. एसटीच्या भाड्यातली सवलत कळल्यावर ते तपासणीला तयार झाले.

अलीकडच्या भेटीत आईनं विचारलं, "आम्ही गेल्यावर ह्याचं कसं?" हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतो आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नसतं. पण सुरुवात करता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार माणूस स्वतःसाठी प्रतिनिधी नेमू शकतो. स्वतः ठरवता येत नसेल अशा वेळी उपचारांच्या निर्णयात तो त्याच्या बाजूनं उभा राहतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं. मी बालाजीलाच विचारलं, कुणाचं नाव घालायचं. त्यानं सेलूला दिलेल्या बहिणीचं नाव सांगितलं. पुढच्या भेटीला ती यायची आहे. तिला गोळ्यांची नावं, त्या तीन खुणा आणि दुधाच्या पाळीची वेळ समजावून सांगायची आहे. तिला आणि तिच्या नवऱ्यालाही सोबतच बोलावलं आहे.