सांगलीतील 15 वर्षांचा मुलगा शाळा बुडवतो, घरातले पैसे उचलतो आणि नशा करू लागला आहे. निवासी केंद्रात ठेवल्यास तो सुधारेल का?

सुधारू शकतो, पण केवळ घरापासून दूर ठेवल्याने नाही. निवासी व्यवस्थेचा खरा उपयोग असा, की नशा पुरवणारी संगत तुटते, झोप, जेवण व अभ्यास यांची वेळ ठरते आणि घरातील रोजच्या भांडणात गुंतलेली नसलेली, प्रशिक्षित माणसे त्याच्या वागण्यामागील नैराश्य, वाचनातील अडचण किंवा मार यांसारखी कारणे शोधू शकतात. साताऱ्यात 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात मुले एकत्र राहून शिकत. मात्र ती शिक्षणाची सोय होती, उपचाराची नव्हे, आणि हा फरक पालक बहुधा विसरतात. ‘शिस्त लावतो’ एवढेच सांगणारे वसतिगृह येथे पुरेसे नाही.

प्रथम शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात तपासणी करून घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार 18 वर्षांखालील मुलाला मानसोपचार केंद्रात अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते आणि संपूर्ण मुक्कामात पालक किंवा सोबती त्याच्याजवळ राहणे आवश्यक असते. त्यामुळे भेटी बंद करणारे, मारहाणीचे समर्थन करणारे किंवा नोंदणीचा कागद न दाखवणारे केंद्र सरळ नाकारावे. मुलाला घरातच धोका असेल, तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर संपर्क साधावा. पुढील निर्णय बाल कल्याण समिती घेते.

दरम्यान पालकांनीही समुपदेशन घ्यावे, कारण मुलगा परत त्याच घरात येणार असतो.