संचित रजा, अभिवचन रजा आणि परिवीक्षा

पॅरोल, फर्लो आणि प्रोबेशन यांना मराठीत काय म्हणावे आणि हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का, असे एका वाचकाने विचारले आहे. तसे ते वापरता येणार नाहीत. त्यांची सरमिसळ झाली, तर आपल्याला नेमके काय मागता येते, हेच बंद्याच्या घरच्यांना कळेनासे होते.

महाराष्ट्राच्या कारागृहांत फर्लोला ‘संचित रजा’ आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात. दोन्ही 1959 च्या नियमांनुसार मिळतात. संचित रजेसाठी वेगळे कारण द्यावे लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगून आणि वर्तन चांगले ठेवून ती कमवावी लागते, आणि बाहेर काढलेले ते दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन रजा मात्र घरातला मृत्यू, गंभीर आजारपण अशा कारणासाठी, परतण्याचा शब्द घेऊन दिली जाते (मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही ‘शब्द’, ‘वचन’ असाच आहे), आणि तिचे दिवस शिक्षेत मोजले जात नाहीत. म्हणूनच ‘पॅरोलवर सुटका’ हा मथळा मला चुकीचा वाटतो. संचित रजा हा बंद्याचा कायदेशीर हक्क नाही, असे नियम 17 सांगतो. तरीही अर्ज मनमानीने फेटाळला गेल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि अशा याचिका नेहमी होत असतात.

प्रोबेशनला कायद्यातला शब्द ‘परिवीक्षा’. नोकरीतल्या परिवीक्षेशी तिचा संबंध नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 खाली न्यायालय आरोपीला दोषी ठरवते, पण लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडते. त्या व्यक्तीचे आणि जामीनदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय बंधपत्राच्या अटी बदलता येत नाहीत, हा कलम 8 मधला हक्क फारच थोड्यांना ठाऊक असतो. कलम 12 नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अनर्हता, म्हणजे अपात्रता, त्या व्यक्तीला लागत नाही. मात्र ‘अनर्हता’ आणि ‘दोषसिद्धी’ हे शब्द वेगळे ठेवावेत, कारण दोषसिद्धी पुसली जात नाही आणि तिच्यामागच्या वर्तनाबद्दल ती व्यक्ती नोकरी करत असलेले खाते कारवाई करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये स्पष्ट केले आहे.